हिरवा चुरा

काचेचा चुरा मण्याला लावायला वेगळं अवजार लागत नाही, असं मी बराच काळ धरून चालले होते. सळईवर गुंडाळलेली काच तापून लाल असली की चुरा आपोआप चिकटणारच. तो चमच्याने टाका नाहीतर ताटलीत पसरून मणी त्यावरून फिरवा, फरक काय पडतो? निपाणीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी बर्नरवर मणी करते. बर्नर, ऑक्सिजन, इटलीहून येणाऱ्या काचेच्या कांड्या आणि मणी सावकाश थंड करायची छोटी विजेची भट्टी यांत पैसे संपले होते. चुऱ्यासाठी मग स्वयंपाकघरातला चमचा, स्टीलची ताटली आणि चहाची गाळणी उचलली.

चमच्याने टाकलेला चुरा मण्याच्या वरच्या बाजूलाच बसायचा, उरलेला टेबलावर. ताटलीत वेगळीच अडचण. सपाट पत्र्यावर मणी लोळवला की तो कणांना पुढे ढकलतो, फक्त पोटाच्या फुगीर भागावर रंगाची एक पट्टी उमटते आणि भोकाजवळचे दोन्ही गाल कोरेच राहतात. तिकडे रंग नेण्यासाठी मी मणी दाबून फिरवायची आणि त्याचा गोल बिघडायचा. बिघडलेला मणी परत ज्योतीत फिरवून गोल करायचा म्हणजे चुरा पूर्ण वितळून पसरणार. मला हवे होते ठिपके, मिळायचे डाग. यात हाताचा दोष किती आणि ताटलीचा किती, हे मी कधी तपासलंच नाही. रियाज कमी पडतोय, एवढंच स्वतःला सांगत राहिले.

वाट सापडली ती बेळगावच्या उद्यमबागेत. फाउंड्र्यांचा तो भाग, तिथे ग्रॅफाइट मिळेल असं कुणीतरी म्हणालं होतं. तापलेली काच ग्रॅफाइटला चिकटत नाही, म्हणून जगभर काचकाम करणारे त्याच्या पाट्या वापरतात. एका वर्कशॉपमध्ये फुटक्या क्रुसिबलचा तुकडा मी हातात घेतला, तेव्हा तिथले मामा म्हणाले, "अक्का, ते नको. माती असते त्यात. इलेक्ट्रोडचं घ्या की. पण काय करायलाय ह्याचं?" मी सांगितलं. त्यांनी भट्टीच्या जुन्या इलेक्ट्रोडमधून वीटभर तुकडा कापला आणि मिलिंग मशीनवर त्यात लहानमोठ्या पन्हळी पाडून दिल्या.

पन्हळीत चुरा भरला की तो मण्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी उभा राहतो. मणी त्यात अलगद टेकवून सळई एकदा फिरवली की पोट आणि गाल सारखेच भरतात, दाबावं लागत नाही, गोल मोडत नाही. वीट जड असल्यामुळे सरकत नाही, आणि ती ज्योतीच्या अगदी शेजारी ठेवता येते. हे महत्त्वाचं, कारण मणी ज्योतीतून बाहेर काढल्यापासून चुरा धरण्याइतका तो जेमतेम काही क्षणच गरम असतो. फार तापलेला असला तर कणांचे गठ्ठे उचलतो, निवला तर कण लागून लगेच गळतात. माझा हात एकदम सुधारला असं मला वाटलं. मी ते घरात बोलूनही दाखवलं.

आता चुऱ्याबद्दल. कांड्या परदेशी असल्या तरी रंग तरी आपल्या मातीतला असावा, असा माझा हट्ट होता. त्याचं मूळ कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्यात बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला, तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने काढला. आपल्या भागात पाचशे-सहाशे वर्षांमागे काचेचे इतके रंग होते, हे वाचून मी भारावले होते. लग्नातल्या हिरव्या चुड्याच्या फुटक्या बांगड्या मी कासाराकडून आणायला लागले. फुटकी बांगडी वाया जात नाही, सुवासिनीच्या चुड्याची हिरवी काच मण्यात उतरते, ही कल्पना मला फार आवडली होती. गिऱ्हाइकांनाही मी तीच सांगायची. त्या बांगड्या बहुतेक फिरोजाबादहून येतात, ब्रह्मपुरीच्या काचेशी त्यांचं नातं माझ्या मनात होतं तेवढंच.

बांगडी तापवून थंड पाण्यात टाकली की तिला असंख्य चिरा पडतात आणि ती सहज फुटते. मी ती लोखंडी खलबत्त्यात कुटायची. लोखंडाचे बारीक कण काचेत मिसळतात आणि पांढऱ्या मण्यावर काळे ठिपके होऊन बसतात, हे उशिरा कळलं. चुऱ्यातून लोहचुंबक फिरवला की ते निघतात. पण त्याहून वाईट गोष्ट म्हणजे मी कोरडा चुरा चाळायची, तोही दार लावून, वाऱ्याने ज्योत हलू नये म्हणून. बारीक पूड गाळणीतून थेट ज्योतीत असलेल्या मण्यावर शिंपडायची. ज्योतीचा झोत ती उडवायचा आणि खिडकीच्या उन्हात ती तरंगताना दिसायची. त्याच खोलीत माझी मुलगी अभ्यासाला बसायची.

सासूबाईंनी तंबाखूच्या वखारीत अनेक वर्षं चाळणीचं काम केलेलं आहे. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर युगांतर या गटाने १९८२ साली माहितीपट केला होता, त्याबद्दल मी चार लोकांत अभिमानाने बोललेही आहे. त्या सासूबाई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नाकाला फडकं तरी बांध गं. आणि पोरीला का बसवलीस हितं?" मी त्यांना सांगितलं की ही काच आहे, तंबाखू नव्हे. काचेतली सिलिका वाळूतल्यासारखी स्फटिकरूप नसते, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि तेवढ्यावर निर्धास्त होते. पण रंगीत काचेत रंगासाठी कोणते धातू घातलेत, शिसं आहे की कॅडमियम, हे मला ठाऊक नव्हतं, आणि काचेची पूड कुणाच्याही फुप्फुसात जाऊ नये हे कळायला वाचनाची गरज नव्हती. आता मी चुरा ओला असतानाच कुटते आणि धुते, पूर्ण वाळवून झाकण लावून ठेवते, एन-९५ मास्क घालते आणि पूड फक्त ज्योतीबाहेर, ट्रेवर धरलेल्या मण्यावर टाकते. मुलीचं टेबल हलवलं. हे करायला सासूबाईंच्या त्या बोलण्यानंतरही मी बरेच दिवस लावले, याची मला आजही लाज वाटते.

मण्यांना तडे जायला लागले ते पन्हळीची वीट आल्यानंतर. पांढऱ्या मण्यावर हिरवे ठिपके, भट्टीतून निघताना निर्दोष. काही दिवसांनी ठिपक्याभोवती केसासारखी रेघ, मग एखादा मणी दोरीतच दुभंगायचा. मी दोष विजेला दिला. रात्री वीज गेली, भट्टी लवकर निवली, मणी नीट मुरले नाहीत. माझ्या कांड्यांची, मुरानोच्या जातीची काच ५१० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबवून मग हळूहळू उतरवावी लागते, तेव्हा हे कारण पटण्यासारखं होतं. मी भट्टीचा वेळ वाढवला, इन्व्हर्टर घेतला. तडे येतच राहिले. आणि मी मणी विकतही राहिले, कारण सगळे फुटत नव्हते.

खरं कारण मला माहीत असायला हवं होतं. माझ्या कांड्यांची प्रसरणसंख्या १०४ आहे. म्हणजे अशा काचेची एक मीटर लांब पट्टी १०० अंशांनी निवली की सुमारे १.०४ मिलिमीटर आखडते. बाटलीच्या किंवा खिडकीच्या साध्या काचेची तीच पट्टी ०.९ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आखडते. बांगडीच्या काचेचा आकडा कुणी लिहून देत नाही, पण ती १०४ची असण्याचं काही कारण नव्हतं. पांढरी काच जास्त आखडणार, हिरवा कण कमी आखडणार, आणि दोघांच्या सीमेवर ताण कायमचा अडकून राहणार. हे मी सुरुवातीलाच वाचलं होतं. त्याच वाचनात असंही होतं की ९६ आकड्याचा जर्मन रायखेनबाख कंपनीचा राकू नावाचा चुरा लोक १०४च्या मण्यावर थोडासा वापरतात आणि तो चालतो. 'थोडासा' हा शब्द मी सोडून दिला आणि 'चालतो' तेवढा ठेवला.

चमच्याने मी टाकत होते तेव्हा मण्याला मोजके कण लागायचे, म्हणून बांगडीची काच निभावून गेली. पन्हळीने मणी सगळीकडून भरला, तेव्हा कितीतरी पट जास्त परकी काच त्यावर चढली. हात सुधारला म्हणून ज्याचा मला अभिमान होता, त्यानेच मणी फुटत होते. चुरा लावायचं अवजार म्हणजे माप आहे, हे मला तेव्हा उमगलं. कणाचं मापही त्यातच येतं. अमेरिकेतली बुलसाय कंपनी ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक ती पूड, १.२ पर्यंत बारीक कण, २.७ पर्यंत मध्यम आणि ५.२ पर्यंत जाड अशी वर्गवारी करते. मी वापरत होते त्यातले बरेच कण तांदळाच्या कणीएवढे. जेवढा कण जाड, तेवढा एका जागी साठलेला ताण मोठा.

शेवटी खात्री केली ती दोन पोलरायझिंग फिल्मांनी. एकीवर दुसरी आडवी धरली की प्रकाश अडतो. मध्ये ताण असलेली पारदर्शक काच ठेवली तर तिथे उजळतं. पांढऱ्या मण्यातून काही दिसणार नव्हतं, म्हणून बिनरंगी १०४च्या काचेचा मणी करून त्यावर बांगडीचा चुरा बसवला आणि भट्टीत व्यवस्थित मुरवला. प्रत्येक हिरव्या कणाभोवती उजेडाचं कडं होतं. इन्व्हर्टर सुरूच होता.

आता हिरवा चुरा मी १०४च्याच हिरव्या कांडीचा करते. तो बांगडीइतका गडद येत नाही आणि महाग पडतो. ज्या बायकांचे फोन नंबर माझ्याकडे होते त्यांना कळवलं, मणी परत घेतले, पैसे दिले. एकीने माळ तिच्या आईची आठवण म्हणून ठेवली होती. तिला काय बोलावं ते मला सुचलं नाही, मी फक्त माफी मागितली. पण प्रदर्शनांत रोख पैसे देऊन मणी घेतलेल्या अनेकजणी आहेत, निपाणीत, बेळगावात, कोल्हापूरकडेही, आणि हे लिहिण्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचायचा दुसरा मार्ग माझ्याकडे नाही. दुधासारखा पांढरा गोल मणी, त्यावर चुड्याच्या हिरव्या रंगाचे ठळक, किंचित उंच ठिपके, दोन मण्यांमध्ये बारीक काळे मणी, काळा दोरा. अशी माळ कुणाकडे असेल तर ती गळ्यात घालू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. दुभंगलेल्या मण्याची कड पात्यासारखी धारदार असते. अजून तडा दिसत नसला, तरीही घालू नका. माझ्या मण्यांचं प्रदर्शन कुठे दिसलं तर ती माळ घेऊन या. मी ती परत घेईन.