पोट भरलं की सुटणारी : जळूस अनावृत पत्र

प्रिय जळू,



पत्रास कारण की, आमच्या वर्धा जिल्ह्यात तुझं नाव बहुतेक वेळा शिवी म्हणूनच निघतं. कापूस घरी येण्याआधीच व्याजापोटी तो गिळून बसणारा सावकार म्हणजे जळू. साध्या दाखल्यासाठी हात पुढे करणारा दलाल म्हणजे जळू. भावाच्या कमाईवर वर्षानुवर्षं बसून खाणारा भाऊही जळूच. यात तुझी बदनामी होते, आणि आमचंही नुकसान होतं. रोगाला चुकीचं नाव दिलं की इलाजही चुकतो. म्हणून हे लिहितोय.

आधी तुझा व्यवहार पाहू. तळ्यात उतरलेल्या म्हशीच्या पायाला तू चिकटतेस. तुझ्या तोंडात तीन जबडे, त्यांवर बारीक दात. तुझ्या लाळेतल्या द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही. पोट भरलं की तू आपोआप गळून पडतेस आणि पुढं महिनोन्‌महिने काही न खाता राहतेस. म्हैस चरायला निघून जाते. तुझ्या भुकेला अंत आहे, हे तुझ्या नावानं शिव्या देणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही.

आमच्या जुन्या वैद्यांनी मात्र तुला नीट पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय सबंध तुझ्यावर आहे. त्यात तुझे 12 प्रकार सांगितलेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. रक्त काढायला शिंग, तुंबडी आणि जळू अशी साधनं होती. त्यांतलं सर्वांत सौम्य म्हणून तुझी निवड लहान मुलं, म्हातारी माणसं, बायका, अशक्त आणि भित्रे रोगी यांच्यासाठी होई. काम झालं की तुला रक्त ओकायला लावून पुन्हा पाण्यात कसं सोडायचं, हेही तिथं लिहिलंय. चांगल्या जळवा मिळण्याच्या जागांत सह्य पर्वताचं नाव आहे. पाणी हेच जिचं घर ती जलौका, अशी तुझ्या नावाची फोड सुश्रुतानं दिली. तिकडे जुन्या इंग्रजीत तुझ्याच नावाच्या शब्दाचा अर्थ ‘वैद्य’ असा होता. रक्तपिपासू हा अर्थ मागाहून चिकटला.

युरोपनं तुझा अतिरेकही केला. एकोणिसाव्या शतकात तिथले डॉक्टर जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर जळवा लावत. एकट्या फ्रान्सनं 1833 साली चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून मागवल्या. रोगी तर अशक्त झालेच, तिथली तळीही तुझ्यावाचून ओस पडली. मग विज्ञानानं तुला नव्यानं ओळखलं. जॉन हेक्राफ्ट यांनी 1884 मध्ये तुझ्या तोंडातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य शोधलं, त्यालाच पुढं हिरुडिन नाव मिळालं. 1985 मध्ये बॉस्टनला एका लहान मुलाचा तुटलेला कान शल्यचिकित्सकांनी पुन्हा जोडला, तेव्हा कानात साचणारं रक्त काढायला तूच कामी आलीस. जोडलेल्या अवयवात रक्त शिरतं, पण बारीक शिरा जुळेपर्यंत त्याला परतीची वाट नसते. ती वाट तू काही दिवस करून देतेस. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या कामासाठी तुला रीतसर मान्यता दिली.

आमच्या जिल्ह्यातही तुझी विद्या जिवंत आहे. वर्ध्याजवळच्या सालोड (हिरापूर) इथल्या महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालयातल्या वैद्यांनी जलौकावचरणावर, म्हणजे जळवा लावून करायच्या उपचारावर, शोधनिबंध लिहिलेत. पण तळ्यातून तुला धरून आणून कुणी घरच्या घरी जखमेला लावू नये. तुझ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे जखम चिघळू शकते. एका रोग्याला लावलेली जळू दुसऱ्याला लावणं धोक्याचं. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यानं तर तुझ्या वाटेलाच जाऊ नये. हे काम जाणत्या वैद्याचं.

आता मूळ मुद्दा. जगणं आणि लुबाडणं यांतला भेद सांगणारा माणूस आमच्या वर्ध्यातच राहत होता. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या पुस्तकात त्यांनी निसर्गात पाहून अर्थव्यवहाराचे पाच प्रकार केले. सर्वांत खाली पोसणाऱ्यालाच मारणारा परोपजीवी व्यवहार, तिथं मेंढरू मारणारा वाघ. दुसरा आंबराईतल्या माकडाचा, फळ खायचं आणि परत काही द्यायचं नाही. तिसरा मधमाशीचा, ती मध घेता घेता फुलांचं परागण करते. चौथा मधमाश्यांनी पोळ्यासाठी मिळून राबण्याचा. सर्वांत वर पिलाला भरवणाऱ्या पक्षिणीचा, निखळ सेवेचा. तिसऱ्या पायरीचं माणसातलं उदाहरण म्हणून त्यांनी शेतकऱ्याला उभं केलं.

या मापानं मी तुलाही मोजलं. तळ्यात तू दुसऱ्या पायरीवर आहेस, कारण तू घेतेस पण म्हशीचा जीव घेत नाहीस. वैद्याच्या हाती तू तिसरी पायरी चढतेस. आणि शेत लिहून घेऊनही व्याज चालूच ठेवणारा सावकार? तो सर्वांत खाली. त्याचं पोट भरत नाही, आणि तो ज्याच्यावर जगतो तो माणूस उरत नाही. 2006 च्या पावसाळ्यात पंतप्रधान मनमोहनसिंग आमच्या जिल्ह्यातल्या वायफड गावी आले, शेतकऱ्यांच्या घरच्यांशी बोलले, आणि विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वर्धा होता. कर्जापायी ज्या घरांतल्या कर्त्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या घरांसमोर सावकाराला ‘जळू’ म्हणणं म्हणजे गुन्ह्याला निसर्गाचं नाव देणं. निसर्गापुढे माणूस हात टेकतो, गुन्ह्याविरुद्ध मात्र तक्रार करता येते.

तेव्हा तुझ्या निमित्तानं माझ्या जिल्ह्यातल्या माणसांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, अवैध सावकाराला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा आणि जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार द्या. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग करा. दुसरी, गावतळी जपा. कमळं फुलतात त्या स्वच्छ पाण्यातल्या जळवा बिनविषारी आणि सडक्या, घाण पाण्यातल्या विषारी, असं सुश्रुतानं लिहून ठेवलंय. कपाशीवर फवारणी झाली की पंप तळ्यात धुऊ नका, औषधाचे रिकामे डबे काठावर टाकू नका. त्याच पाण्यात तुमची गुरं उतरतात.



तुझा,
वर्धा जिल्ह्यातला एक रहिवासी