टोनीच्या रात्री मी चुकीच्या वेळी उठत होते

टीव्हीवर तीन मिनिटं बघून नाटकाची किंमत करता येते, असं मी बरीच वर्षं मानत होते. नुसतं मानत नव्हते, घरी जमलेल्या सगळ्यांना ते ठासून सांगतही होते. त्यापायी माझी काही चांगली नाटकं हुकली असती, एखाद-दुसरं हुकलंही, आणि रंगभूमीवर राबणाऱ्या कितीतरी माणसांच्या कामाकडे माझं लक्षच गेलं नाही. त्या चुका इथे एकेक करून लिहिते. पुरस्कार सोहळे मनापासून बघणाऱ्या इतरांना त्यांचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकं बघत मी मोठी झाले. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आले. गाडीत बसलं की तासाभरात ब्रॉडवे, पण तिकीट परवडायचं वर्षातून एखाद्या वेळी. त्यामुळे जूनमधला टोनी पुरस्कारांचा रविवार आमच्याकडे सणच असतो. रात्री आठला सीबीएसवर सोहळा सुरू होण्याआधी बटाटेवडे तळून होतात, मुलं जमिनीवर बसकण मारतात आणि पुढचे तीन तास सगळं घर टीव्हीशी बोलतं. आवडत्या नटाचं नाव आलं की टाळ्या, नावडत्याचं आलं की "अरे देवा!" भाषण लांबलं आणि वाद्यवृंदाने सूर धरला की माझा नवरा उठून उभा राहतो आणि वादकांना बजावतो, "थांबा हो जरा! जन्मभर वाट बघितलीय त्याने!" शेजारच्या काकूंना इंग्रजी गाणी फारशी कळत नाहीत. त्या फक्त कपडे बघतात आणि वेशभूषेचा निकाल आमच्याआधी बरोबर सांगतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा पुरस्कार अँटोइनेट पेरी या अभिनेत्री-दिग्दर्शिकेच्या नावाने दिला जातो. तिचं लाडकं नाव टोनी. ती 1946 मध्ये गेली आणि 6 एप्रिल 1947 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात पहिला सोहळा झाला. देशभर टीव्हीवर तो 1967 पासून दिसू लागला. पात्र ठरतात ती फक्त ब्रॉडवेची नाटकं, म्हणजे मॅनहॅटनमधल्या ठरावीक 41 नाट्यगृहांत होणारी. 500 खुर्च्यांहून लहान नाट्यगृहात कितीही मोठं नाटक झालं तरी त्याला टोनी मिळत नाही. हा साधा नियम मला फार उशिरा कळला. तोवर 'अमेरिकेतलं सर्वोत्तम नाटक' असंच मी म्हणत आले होते.

पहिली मोठी चूक 2004 ची. 'विकेड' आणि 'अॅव्हेन्यू क्यू' या दोन संगीत नाटकांत चुरस होती. 'विकेड' भव्य, हिरव्या चेहऱ्याची चेटकीण, डोळे दिपवणारी दृश्यं. 'अॅव्हेन्यू क्यू'मध्ये हातात बाहुल्या धरलेली चार पोरं. निकाल सांगायला टोनी कशाला हवेत, असं मी जाहीर करून टाकलं. पाकीट उघडलं आणि सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा पुरस्कार 'अॅव्हेन्यू क्यू'ला गेला. काकू म्हणाल्या, "अगं, बाहुल्यांना दिलं?" मी तिरीमिरीत टीव्ही बंद केला. पोरांनी गलका करून तो पुन्हा लावला, पण मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

दोन्हींपैकी एकही नाटक मी पाहिलेलं नव्हतं.

काही महिन्यांनी टाइम्स स्क्वेअरच्या सवलतीच्या खिडकीवर रांग लावून 'अॅव्हेन्यू क्यू' पाहिलं. गोल्डन हे लहानसं नाट्यगृह. बाहुली नाचवणारा नट रंगमंचावर उघडा उभा असतो, काहीही लपवत नाही, आणि तरी थोड्या वेळाने आपली नजर त्याच्यावरून सरकून बाहुलीवर स्थिरावते. पदवी घेऊन न्यूयॉर्कला आलेला, नोकरी नसलेला, स्वस्तातली खोली शोधणारा एक पोरगा ही त्यातली गोष्ट. आम्ही इथे आलो तेव्हा एका तळघरात राहत होतो. माझ्याच पहिल्या वर्षांवरचं नाटक मी टीव्हीवर बघून हसण्यावारी नेलं होतं.

मग मी उलट्या दिशेने चुकले. मतदारांचंच बरोबर, 'विकेड' नुसता झगमगाट आहे, दोनेक वर्षांत बंद पडेल, असं सांगत सुटले. 'विकेड' अजून गर्श्विन नाट्यगृहात चालू आहे. त्याला त्या वर्षी नायिकेचा, नेपथ्याचा आणि वेशभूषेचा असे तीन टोनी मिळाले होते, हेही मी रागाच्या भरात विसरले होते. एका वर्षीचा निकाल म्हणजे त्या नाटकाचं भविष्य, असं धरून चालले होते.

दुसरी चूक जास्त लागली. 2015 च्या सोहळ्यात 'फन होम' या नाटकातलं एक गाणं झालं. सिडनी लुकस ही अकरा वर्षांची मुलगी एकटीच उभी राहून गायली. एका खाद्यगृहात शिरलेल्या, पुरुषी पेहरावातल्या बाईकडे ती मुलगी बघते आहे, त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे, एवढंच मला समजलं. यात गाण्यासारखं काय आहे, असं मी मोठ्याने म्हटलं. बसलेल्यांपैकी दोघी-तिघी गप्प झाल्या. माझी मुलगी त्यांच्यातली एक होती.

पुढच्या वर्षी नाटक बंद होण्याच्या बेतात असताना तिनेच मला नेलं. 'सर्कल इन द स्क्वेअर'मध्ये प्रेक्षक चारी बाजूंनी बसतात. व्यंगचित्रकार अॅलिसन बेक्डेल यांच्या आत्मकथनावरचं हे नाटक. आपण स्त्रियांवर प्रेम करणारी आहोत हे उमगत गेलेली मुलगी, आणि तेच सत्य स्वतःपुरतं दडवून जगलेला बाप. त्या घरातला ताण तासभर अंगावर घेतल्यावर ते किल्ल्यांचं गाणं येतं तेव्हा कळतं, की या लहान मुलीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखं कोणीतरी दिसलं आहे. टीव्हीवर गाणं तेच होतं, त्याआधीचं घर नव्हतं. मी बाजूला बघितलं. मुलगी रडत होती. परतीच्या गाडीत मी तिची माफी मागितली.

त्या सोहळ्यातलं आणखी एक माझ्याकडून हुकलं. 'फन होम'च्या गीत-संगीतासाठी जनीन टेसोरी आणि लिसा क्रॉन यांना टोनी मिळाला. केवळ स्त्रियांच्या जोडीला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिली वेळ. तो क्षण थेट प्रक्षेपणात दाखवलाच नाही, जाहिरातींच्या वेळात उरकला. दाखवला असता तरी मी कदाचित उठलेच असते, कारण 'बिनचेहऱ्याचे' पुरस्कार आले की चहा टाकायचा अशी आमच्याकडे पद्धत होती.

त्या चहाची चूक सगळ्यांत मोठी. नेपथ्य, प्रकाशयोजना, ध्वनी, वाद्यवृंदरचना, असं काही पडद्यावर दिसलं की मी आधण ठेवायला जायचे. 2014 मध्ये टोनीच्या व्यवस्थापनाने ध्वनिसंयोजनाचे दोन्ही पुरस्कार काढून टाकले. या कामाची पारख बऱ्याच मतदारांना करता येत नाही, असं तेव्हा ऐकू येत होतं. मला ते पटलं. नटाचा आवाज नटाचा असतो, त्यात संयोजकाचं काय, असं मी म्हणाले. माझी भाची तेव्हा एका कॉलेजात नाट्यतंत्र शिकत होती. ती म्हणाली, "मावशी, तू चहाला उठतेस ना, तेव्हा टीव्हीवर मी असते."

मग तिने मला समजावून सांगितलं. संगीत नाटकात नटाच्या केसांच्या रेषेत बारीकसा मायक्रोफोन दडवलेला असतो. मागे मिक्सरवर बसलेला माणूस संहिता पाठ असल्यासारखा प्रत्येक वाक्याला एकेकाचा आवाज उघडतो आणि मिटतो. दोन नट मिठी मारतात तेव्हा एकाचा मायक्रोफोन वेळीच मिटला नाही तर आवाज घुमतो. मागच्या रांगांजवळच्या स्पीकरमधला आवाज क्षणाच्या अंशाने उशिरा सोडावा लागतो, म्हणजे तो रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. हे सगळं नीट झालं तर प्रेक्षकाला काहीच कळत नाही. मी आयुष्यभर त्या 'काहीच न कळण्या'च्या आधाराने नाटकं पाहिली होती. ध्वनीचे पुरस्कार 2018 च्या सोहळ्यात परत आले, तेव्हा आमच्या घरी भाचीच्या नावाने टाळ्या पडल्या.

पाँडिचेरीच्या मुलाची आणि वाघाची गोष्ट सांगणारं 'लाइफ ऑफ पाय' 2023 मध्ये ब्रॉडवेवर आलं, तेव्हा मी आधी नाटक पाहिलं आणि मग सोहळा. वाघ म्हणजे अनेक बाहुलीकारांनी मिळून चालवलेलं एक धूड. त्याचा श्वाससुद्धा दिसतो. समुद्र, बोट, रात्र, सगळं प्रकाशातून आणि पडद्यांवरच्या प्रतिमांतून उभं राहतं. त्या नाटकाला नेपथ्य, प्रकाशयोजना आणि ध्वनी असे तीन टोनी मिळाले. ते मुख्य कार्यक्रमाआधीच्या भागात दिले गेले. मी तो भाग पहिल्यापासून पाहिला आणि चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवला होता. वाघ चालवणाऱ्यांसाठी टोनीत कोणताच विभाग नाही. लंडनच्या ऑलिव्हिए पुरस्कारांनी मात्र 2022 मध्ये वाघ साकारणाऱ्या सात जणांना मिळून सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार दिला. टोनीने हा धडा घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आणखी एका वेळी मी विनाकारण कोणाला तरी कमी लेखलं. 12 मार्च 2020 रोजी महासाथीमुळे ब्रॉडवे बंद झाला आणि त्या अर्धवट हंगामाचे पुरस्कार सप्टेंबर 2021 मध्ये दिले गेले. संगीत नाटकाच्या नायकासाठी 'मुलाँ रूज'चा अॅरन ट्व्हेट हा एकटाच उमेदवार होता. "बिनविरोध निवडून आला!" म्हणून आम्ही खूप हसलो. नंतर वाचलं, की एकटा असूनही त्याला मतदारांपैकी 60 टक्क्यांचा कौल मिळवावा लागणार होता. तो मिळाला. बक्षीस घेताना तो रडत होता, आणि मी वडा खात त्याच्यावर हसत होते. नाट्यगृहं दीड वर्ष बंद होती, हजारो माणसं घरी बसली होती. त्या रात्री हसण्यासारखं काहीच नव्हतं.

हे सगळं कळायला खरं तर न्यूयॉर्कची गरज नव्हती. आपल्याकडे तिसरी घंटा झाली की पडदा उघडण्याआधी अंधारात नावं सांगतात: नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा. शिवाजी मंदिरात लहानपणी मी ती यादी पाठ म्हणायचे. नेपथ्यकार म्हणून दामू केंकरेंचं नाव आलं की आई म्हणायची, "आता घर बघ कसं दिसतं." पडदा सरकायचा आणि आम्ही दोघी आधी घर बघायचो. हा संस्कार मला मराठी रंगभूमीने दिला होता. टीव्हीसमोर बसले आणि तो मी सोडून दिला.

आता आमच्या घरी नियम बदलले आहेत. जे नाटक पाहिलं नाही त्याच्या निकालावर वाद घालायचा नाही. सोहळ्यात आवडलेल्या गाण्यापेक्षा न कळलेल्या गाण्याच्या नाटकाचं तिकीट आधी काढायचं. तंत्रज्ञांचे पुरस्कार चालू असताना कोणी उठायचं नाही. आरडाओरडा मात्र चालू आहे, कारण नाटकावर प्रेम असलं की माणूस गप्प बसू शकत नाही, आणि बसूही नये.

तुम्ही पुण्यात असा, पणजीत असा किंवा माझ्यासारखे परदेशात, पुढच्या वेळी कुठलाही नाट्यपुरस्कारांचा सोहळा बघाल तेव्हा प्रकाशयोजनाकाराचं नाव येईपर्यंत बसून राहा. आणि त्या आठवड्यात एका नाटकाचं तिकीट काढा. पुरस्कार न मिळालेल्या नाटकाचं काढलंत तर फारच उत्तम.