ओले लाकूड

पावसाळ्यात दार अडते आणि चैत्र-वैशाखात तेच दार सैल होऊन वाऱ्यावर आपटू लागते, हा अनुभव आपल्या किनारपट्टीवरील प्रत्येक घराला आहे. श्रावणात आपण सुताराला बोलावून दाराची कड रंध्याने तासून घेतो आणि उन्हाळ्यात फट पडली की त्याच सुताराला बोल लावतो. लाकूड झाडापासून तुटले तरी हवेतील ओलावा घेणे आणि सोडणे त्याचे थांबत नाही. ही साधी गोष्ट आम्हांला लहानपणापासून ठाऊक होती. तरीही एकदा आम्ही ती विसरलो, आणि त्या विस्मरणाची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेला होतो, तेथील एका आळीत संत योसेफाचे छोटे प्रार्थनामंदिर होते. तेथे मिस्सासाठी शाळेतून आणलेले एक डुगडुगते टेबल वापरले जाई. नाताळ आटोपताच आम्ही ठरविले, की १९ मार्चच्या सणाला तेथे नवी वेदी असावी. स्थिर वेदीचा वरचा भाग दगडाचा असावा, ही चर्चची जुनी परंपरा आहे. हलविता येणारी वेदी मात्र कोणत्याही भक्कम आणि उपासनेला शोभेल अशा साहित्याची चालते. तेव्हा लाकडी टेबल करावे हे ठरले. प्रश्न एवढाच उरला, की लाकूड कोणते?

आळीतील एक वृद्ध मिस्त्री आम्ही बोलावून घेतले. ते म्हणाले, ''फादर, माझ्या माळ्यावर फणसाच्या फळ्या आहेत. चार वर्षं झाली, चांगल्या सुकल्यात. त्या जोडून टेबल करू.'' आम्हांला ते पटले नाही. फणस म्हणजे परसातले झाड. देवाच्या वेदीला साग हवा, तोही एकाच रुंद फळीचा, असा आमचा आग्रह. एका दात्याने पैसे देऊ केले होते. आम्ही स्वतः वखारीत गेलो आणि नुकत्याच कापलेल्या ओंडक्याची मधली, सर्वांत रुंद फळी पसंत केली.

मिस्त्रींनी फळी एका टोकाने उचलून पाहिली, बोटाच्या पेराने ठोकली. आवाज बद्द आला. ''साग चांगलाच आहे, फादर,'' ते म्हणाले, ''पण हा अजून झाडच आहे. याला वर्षभर द्या.''

''मिस्त्रीकाका, सण वर्षभर थांबणार नाही,'' आम्ही म्हणालो. ते पुढे बोलले नाहीत. धर्मगुरूपुढे माणसे पुष्कळदा गप्प बसतात, आणि आम्ही त्या गप्प बसण्याला संमती समजतो.

सणाच्या दिवशी टेबल सुंदर दिसले. दोन महिन्यांनी, वैशाखाच्या उन्हात, त्याच्या मधोमध वीतभर चीर पडली. पावसाळ्यात ती मिटल्यासारखी झाली. दिवाळीनंतर कोरडे वारे सुटले तशी ती अर्ध्या टेबलापर्यंत गेली. दात्याने विचारणा केली. धर्मग्राम समितीच्या बैठकीत आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, ''मिस्त्रीने काम नीट केले नाही.'' ते वाक्य दुसऱ्या दिवशी आळीभर झाले. त्या उन्हाळ्यात दोन लग्नघरांची कामे त्यांच्या हातून गेली, असे आम्हांला पुढे कळले.

दोष सागाचा नव्हता आणि मिस्त्रींचा तर नव्हताच. नुकत्याच कापलेल्या लाकडात पाणी भरलेले असते. ते बाहेर पडू लागले की लाकूड आकसते. लांबीत जवळजवळ नाहीच, पण रुंदीत नक्की. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. या ओढाताणीत ज्या फळीच्या पोटात खोडाचा मध्यबिंदू आला असेल ती फळी तडकतेच. म्हणून जाणता सुतार मधली फळी टाळतो आणि एका रुंद फळीऐवजी अरुंद फळ्या जोडतो. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, वाऱ्यावर, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवली तर सुकायला साधारण एक वर्ष लागते. पाणी टोकांकडून लवकर निघते, म्हणून टोकांना रंग फासतात. हे सारे त्या मिस्त्रींना हातांनी ठाऊक होते. आम्हांला सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवून, वर्षानुवर्षे पारखून मगच दीक्षा दिली गेली. चर्च कोवळ्या मुलाला एका हंगामात वेदीपुढे उभे करीत नाही. वेदीच्या फळीला मात्र आम्ही तेवढा अवधी दिला नाही.

लाकडाच्या जातीविषयीचा आमचा अभिमानही पोकळच होता. निर्गमच्या पुस्तकात निवासमंडपातील समर्पित भाकरींचे मेज कसे असावे ते सांगितले आहे : दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच आणि बाभळीचे. बाभूळ म्हणजे त्या रानातलेच काटेरी झाड. पुढे शलमोनाने मंदिरासाठी लबानोनचे गंधसरू समुद्रमार्गे आणविले. देवाने दोन्ही स्वीकारले. पवित्र जातीचे असे लाकूड शास्त्रात नाही. जेथे जे उगवते आणि कामाला टिकते ते योग्य. फणसाच्या लाकडाने कोकणात किती घरांची दारे-खांब पेलले आहेत, आणि त्याच लाकडाची वीणा व मृदंगही होतात, हे आम्ही विचारातच घेतले नव्हते.

पुढच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही एका वयोवृद्ध धर्मगुरूंपाशी पापनिवेदनास गेलो. अनेक गोष्टींच्या ओघात ही गोष्टही बोललो. खरे तर घाईघाईने उरकून टाकली. त्यांनी तेवढ्यावरच बोट ठेवले. चारचौघांत घेतलेले नाव चारचौघांतच परत द्यावे लागते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

त्यानंतरच्या रविवारी, त्या तडकलेल्या वेदीमागे उभे राहून, आम्ही लोकांना सांगितले : मिस्त्रींनी आम्हांला सावध केले होते, लाकूड आम्ही निवडले, घाई आम्ही केली आणि खोटे आम्ही बोललो. ही चार वाक्ये उच्चारताना आमचा घसा जितका कोरडा पडला तितका पहिल्या प्रवचनाच्या वेळीही पडला नव्हता. मिस्त्री मागच्या बाकावर होते. त्यांनी मान वर केली नाही. मिस्सा संपल्यावर ते वेदीपाशी आले, चिरेवरून बोट फिरविले आणि म्हणाले, ''फादर, आता हे सुकलंय. आता दुरुस्त करता येईल.''

क्षमेविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. गेलेली कामे परत आली नाहीत, तीही गोष्ट त्यांनी कधी काढली नाही. आठवडाभराने त्यांनी त्या चिरेवर डमरूच्या आकाराच्या तीन पाचरी बसविल्या, त्यांच्या माळ्यावरच्या त्याच फणसाच्या. चीर झाकली नाही, फक्त बांधून ठेवली. मजुरीही घेतली, आणि आम्हांला तेच योग्य वाटले.

वाचकहो, आपल्या घरी कुणी टेबल करून घेत असेल तर साग, शिसव, फणस यांपैकी काय परवडते ते जरूर पाहा. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला कीड लवकर लागते हे ध्यानात ठेवा. परंतु जातीच्या आधी विचारा, की लाकूड केव्हा कापले? फळी उचलून पाहा, ठोकून ऐका. आणि कारागीर ''थांबा'' म्हणाला तर थांबा. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. त्या दिवशी आपण हत्यारे आशीर्वादित करतो. हत्यार धरणाऱ्याचे म्हणणे मात्र वर्षभर ऐकावयाचे असते.

मध्यंतरी एका अंत्यविधीच्या निमित्ताने त्या आळीत जाणे झाले. तो अंत्यविधी त्या मिस्त्रींचाच होता. मिस्सा अर्पण करताना वेदीवरचे वस्त्र थोडे सरकले आणि पाचरी दिसल्या. नवे असताना फणसाचे लाकूड पिवळेजर्द असते. त्या वेळी सागावर त्या तीन पाचरी डोळ्यांत भरत. वर्षांगणिक फणस गडद होत जातो. आता त्या शोधाव्या लागतात. आम्ही मात्र त्या हाताने लगेच ओळखल्या.