क्रुगरच्या अरण्यात, जरा सावकाश

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवत हिंडता येते. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे हात लवकर बसतो. बहुतेक पाहुणे मात्र सिंह-बिबट्यांच्या मागे दिवसभर गाडी पळवतात. मागच्या बाकावरची मुले कंटाळतात, आजोबांची कंबर धरते. वाचकहो, आपण तसे करू नये. डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा आहे. पक्षी पाहण्यासाठी तोही वेग जास्तच. वीसच्या गतीने जावे, मधूनमधून इंजिन बंद करून नुसते ऐकावे.

मग वठलेल्या फांदीवर जांभळ्या छातीचा नीलपंख दिसतो. आपल्या दसऱ्याच्या नीलपंखाचा हा सख्खा भाऊबंद. जुन्या वारुळाच्या भोकांतून ठेंगणी मुंगसे एकामागून एक डोकी काढतात. रस्त्यावर शेणाचा गोळा ढकलणारा किडा दिसला तर थांबावे. यांच्यातील एक निशाचर जात आकाशगंगेच्या प्रकाशावरून दिशा राखते, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. मुलांना हे तिथेच सांगावे, पण गाडीतूनच. नेमून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरण्यास सक्त मनाई आहे.

अशी एक जागा स्कुकुझा मुक्कामाजवळ आहे. तेथील लेक पॅनिक या तळ्याकाठच्या लाकडी आडोशात तासभर शांत बसावे. आफ्रिकी कमळपक्ष्यांत पिल्ले वाढवण्याचे काम नराकडे असते. संकट दिसताच तो त्यांना पंखांखाली उचलून चालू लागतो. त्या वेळी पिल्लांचे लोंबते पाय तेवढे दिसतात. वाघ-सिंहांपेक्षा मला हे दृश्य अधिक मोलाचे वाटते.

आता वैद्य म्हणून एक अडचण सांगतो. पाहुणे पक्षी येतात ते तेथील उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपल्या आकाशातून जाणारे अमूर ससाणेही तेव्हा दक्षिण आफ्रिकेत असतात. पण हाच मलेरियाचा हंगाम, आणि तेथील मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा. गर्भवती किंवा अगदी लहान मूल सोबत असेल, तर मी जून ते ऑगस्टच सुचवतो. तेव्हा धोका कमी असतो, झाडोरा विरळ असल्याने स्थानिक पक्षीही चांगले दिसतात. पहाटे मात्र लोकरीचे कपडे हवेत. उन्हाळ्यातच जायचे असल्यास प्रतिबंधक गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे, आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस त्या पूर्ण कराव्यात. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या त्वचेला डासरोधक मलम.

घरी आल्यावर पुढील काही महिन्यांत ताप आला, तर गोळ्या घेतल्या असल्या तरी त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांना प्रवासाचे आधी सांगावे, खोकला-सर्दीचे नंतर.