आजोळची वाट

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे सायकलने आजोळी निघालो, तेव्हा वयाची पन्नाशी ओलांडली होती. सुमारे ७०० मीटर उंचीवरची आंबोली मागे पडली आणि घाटाच्या उतारावर पायांना काम उरले नाही. कान मात्र जागे झाले. पायथ्याच्या दाणोलीत चहा घेताना ‘खंय’, ‘माका’, ‘तुका’ हे बालपणीचे शब्द कानी पडले. सावंतवाडीच्या मोती तलावाला वळसा घालून गावाबाहेरच्या त्या घरी पोहोचलो. मामी खळ्यात सुपाऱ्या वाळत घालीत होती. तिने विचारले, ‘‘कधी इलंस?’’

मी उत्तरलो, ‘‘आत्ताच आलो.’’

ती क्षणभर थांबली. मग पदर सावरून म्हणाली, ‘‘बसा.’’

बोली म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे, असे मी वर्गात २७ वर्षे शिकवीत आलो आहे. त्या एका आदरार्थी क्रियापदाने मात्र मला आजोळीच पाहुणा ठरविले. आणि त्यात दोष मामीचा नव्हता.

रात्री जेवताना धीर करून म्हणालो, ‘‘मामी, माका आणखी कढी दी.’’ शब्द अडखळतच आले. ती हसली नाही. कढी वाढता वाढता म्हणाली, ‘‘सावकास जेव.’’