तुळशीबागेत, भर दुपारी

लक्ष्मी रोडवरून आत वळलं की गाडीघोड्याचा संबंध संपतो. चालायचं, तेही पुढच्याच्या गतीनं. कानातली, टिकल्या, पिना, मग एकदम भातुकलीचं दुकान. पितळी शेगडी अंगठ्याएवढी, पण तिला जाळीही आहे; बंबाला तोटीसुद्धा. दुकानदारानं ती फिरवून दाखवली. कुणीतरी अजून एवढं मन लावून घडवतंय, याचं फार बरं वाटलं.

मग देवळात गेले. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं हे राममंदिर. बाजार त्याच्या भिंतींना धरूनच वाढला, आणि मला हे शेजारपण मनापासून आवडतं. बाहेर घासाघीस, आत गारवा. बायका पिशव्या मांडीशी घेऊन सभामंडपात टेकतात, हिशेब जुळवतात, राहिलेलं आठवतं तशा पुन्हा गर्दीत शिरतात.