रॅकेट नव्हती, तेव्हाचा डेव्हिस कप

भोईवाड्यात टेनिसचा चेंडू घरोघरी होता, रॅकेट मात्र कुणाच्याच घरी नव्हती. चेंडू यायचा तो क्रिकेटसाठी. दोन चाळींच्या मधल्या बोळात, गटारापलीकडे फोर आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आउट, असे आमचे नियम. खेळून खेळून चेंडूवरची लव उडाली की तो टकला व्हायचा आणि भलताच वेगात निघायचा. मग फलंदाजापेक्षा खिडक्यांचे मालक जास्त सावध असत.

हे चेंडू पुरवायचे ते तळमजल्यावरचे एक काका. फोर्टाच्या बाजूला एका जिमखान्यात ते मार्कर होते. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की मार्करने समोर उभं राहून खेळायचं, साहेबांचा घाम निघेल पण मान खाली जाणार नाही एवढं जपायचं, आणि ते गेल्यावर नेट सैल करून घरी यायचं. काका स्वतः किती चांगले खेळत असतील याचा विचार तेव्हा आम्ही केला नाही. आमच्या लेखी ते चेंडूवाले काका. पण टेनिसबद्दल जे काही कळलं ते त्यांच्याच ओट्यावर, आणि त्यात विम्बल्डन फारसं नसायचंच. काकांच्या बोलण्यात असायचा डेव्हिस कप.

त्याचं कारण आता कळतं. विम्बल्डन कुणीतरी एकटा जिंकायचा, त्यात आमचं काय? डेव्हिस कपात ‘इंडिया’ असायची. शिवाय त्याची रचना आमच्या डोक्यात पटकन बसली. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी, तिसऱ्या दिवशी जोड्या उलटवून परतीच्या एकेरी. पाचांत तीन जिंकले की लढत आपली. म्हणजे नायगावच्या मैदानात दोन मंडळांची कबड्डी बघायला जावं तसंच, एक गडी कितीही भारी असला तरी बाकीचे पडले की खेळ खलास. अमेरिकेतल्या ड्वाइट डेव्हिस नावाच्या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने १९०० साली चांदीचं एक मोठं भांडं करवून घेतलं आणि इंग्लंडच्या खेळाडूंना आव्हान दिलं, तिथून ही स्पर्धा सुरू झाली. भारत त्यात उतरला १९२१ मध्ये, आणि पहिल्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवून आला.

काकांचा अभिमानाचा विषय होता १९६३ साल. त्या वर्षी आंतरविभागीय अंतिम लढत मुंबईतच झाली, भारत विरुद्ध अमेरिका. त्या वर्षीचा विम्बल्डन विजेता चक मॅकिन्ली अमेरिकेच्या संघातला. आपण हरलो, आणि अमेरिकेने पुढे ॲडलेडला ऑस्ट्रेलियाकडून कप खेचून घेतला. काका सांगायचे ते मात्र खेळाचं नव्हे. हिरवळीवर रोलर कसा फिरवायचा, चुन्याची रेघ पावसाळी हवेत कशी पसरते, असलं काहीतरी. खेळाच्या मागच्या दाराने आत गेलेल्या माणसाचं बोलणं ते. मला अजूनही समालोचकांपेक्षा ते जास्त खरं वाटतं.

१९६६ सालचा डिसेंबर मला पुसट आठवतो, पण मोठ्यांनी इतक्यांदा सांगितला की स्वतः ऐकल्यासारखाच. कलकत्त्याला ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी, शेवटच्या एकेरीत रामनाथन कृष्णन आणि टॉमस कॉख. कृष्णन दोन सेट गमावून बसलेला, चौथ्यात २-५ असा मागे. तिथून तो सेट ७-५, आणि पाचवा ६-२. भारत पहिल्यांदा चॅलेंज राउंडमध्ये. त्या काळी गतविजेता आरामात घरी बसायचा आणि बाकीच्यांनी वर्षभर आपापसांत लढून त्याच्या दारात जायचं, अशी पद्धत होती. ती १९७२ मध्ये बंद झाली. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ असं हरवलं, पण तो एक गुण कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत न्यूकोम आणि रोश यांच्याकडून काढला होता. त्या जोडीला हरवणं म्हणजे काय, हे सांगताना काकांचा आवाज चढायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा आले तरी आधी विचारायचे, “काय झालं रे टेनिसचं?” साच्यावर आठ तास उभं राहिलेल्या त्या माणसाने आयुष्यात टेनिसचं कोर्ट आतून पाहिलेलं नव्हतं.

पण मला खरं सांगायचं आहे ते १९७४ बद्दल. तेव्हा मी कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो.

ते वर्षच विलक्षण होतं. जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. त्याच आठवड्यात परळच्या मोर्चात दलित पँथरचा भागवत जाधव मारला गेला. लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर पँथरचा बहिष्कार होता आणि आमच्या भागातल्या भिंती घोषणांनी भरल्या होत्या. मे महिन्यात रेल्वेचा संप. परळच्या वर्कशॉपमधली माणसं पकडली जाऊ नयेत म्हणून रात्री दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीत झोपत. आणि याच मे महिन्यात कलकत्त्याला विजय आणि आनंद अमृतराज ऑस्ट्रेलियाशी भिडले होते. ३-२ ने जिंकलेल्या त्या लढतीत सगळे मिळून ३२७ गेम झाले. टायब्रेकर नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालू. दुहेरीतला पहिला सेटच १७-१५, पुढे एक १६-१८. उपाशी पोटी संप करणाऱ्यांना असला स्कोअर बरोबर समजत होता, असं मला आपलं वाटतं.

सप्टेंबरात उपान्त्य लढत पुण्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध. आमच्या चाळीत लाल बावट्याचे लोक कमी नव्हते. त्यांची झालेली पंचाईत बघण्यासारखी होती. गिरणीत रशियाचं नाव घ्यायचं आणि ओट्यावर अमृतराजचं. भारत ३-१ ने जिंकला. अंतिम फेरी गाठली आणि समोर आली दक्षिण आफ्रिका.

दक्षिण आफ्रिकेशी भारताने व्यापार तोडला होता तो १९४६ मध्येच. त्या देशाच्या वर्णभेदी राजवटीबरोबर खेळायचं नाही, असं ठरलं. अंतिम लढत झालीच नाही. कप न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. भारताला इतकी चांगली संधी पुन्हा क्वचितच मिळाली. खेळाडूंचं ऐन उमेदीचं वर्ष असं कागदावर संपलं.

ओट्यावर त्या संध्याकाळी जो वाद झाला तो मी विसरणार नाही. मार्करकाका हळहळत होते. कप हातात आला असता, एकदाच जिंकून मग काय तो निषेध करायचा, असं त्यांचं म्हणणं. अण्णा म्हणाले, नाही खेळायचं म्हणजे नाही, संप फोडून पगार घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि बीडीडीतून आलेला, पँथरच्या मोर्चात जाणारा एक दादा एवढंच म्हणाला, “काळ्या माणसासाठी कप सोडला, लई बेस झालं. आता आमच्या बिल्डिंगच्या नळासाठी काय सोडता, ते सांगा.” कुणी काही बोललं नाही. त्याला उत्तर नव्हतंच. बीडीडीत कुठल्या बिल्डिंगीत कोण राहतं हे जातीवरून सांगता येत होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जुने दिवस म्हणताच लोकांचा गळा दाटून येतो, त्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. तो ओटा काही गोकुळ नव्हता. पण त्या ओट्यावर डेव्हिस कपामुळे जोहान्सबर्ग आणि नायगाव एका वाक्यात आले, आणि ज्याने आणले त्याला ते जवळ बसून बोलता आलं. आज हे कुठे होईल, माझ्या नजरेपुढे जागा येत नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचं पुढे काय झालं ते परळच्या माणसाला सांगायला नको. १९८७ मध्ये भारत पुन्हा अंतिम फेरीत गेला तेव्हा आमची चाळ अर्धी रिकामी होती. कुणी गावी, कुणी डोंबिवलीला, कुणी रिक्षावर. दिल्लीत अर्जेंटिनाविरुद्ध विजयने मॅच पॉइंट वाचवून मार्तिन हाइतेला हरवलं. सिडनीत रमेश कृष्णनने शेवटच्या एकेरीत वॉली मसूरला हरवून ऑस्ट्रेलियाला घरी धूळ चारली. बापलेक दोघेही अंतिम फेरीत पोचण्याचं हे एक सुंदर प्रकरण, पण त्याचं कौतुक करायला ओट्यावर माणसं उरली नव्हती. गोथेनबर्गला स्वीडनने मातीचं कोर्ट तयार ठेवलं होतं, विलँडर होता, यारीड होता. ५-० झालं. त्याआधी नोव्हेंबरात वानखेडेवर क्रिकेटच्या विश्वचषकाची उपान्त्य फेरी इंग्लंडने जिंकली होती आणि शोक करायचा सगळा कोटा तिथेच संपला होता. अण्णांनी पेपर घडी घालून ठेवला आणि फक्त म्हणाले, “मातीवर बोलावलं त्यांनी.” टेनिसवरचं त्यांचं हे शेवटचं वाक्य मला आठवतं.

नंतरही क्षण आले. १९९३ मध्ये लिअँडर आणि रमेश यांनी फ्रेजूसला फ्रान्सला हरवलं. आपल्याकडे नाटेकर हे नाव म्हणजे बॅडमिंटनचे नंदू नाटेकर, पण त्यांचा गौरव टेनिसकडे वळला, डेव्हिस कप खेळला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडरबरोबर दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. पुण्याचे नंदन बाळ आधी संघात खेळले, मग संघाचे प्रशिक्षक झाले. २००६ मध्ये सीसीआयच्या हिरवळीवर पाकिस्तानविरुद्धची लढत ३-२ ने जिंकली, आणि २०१७ मध्ये बालेवाडीत न्यूझीलंडवर ४-१. बालेवाडीत लिअँडरला दुहेरीतला त्रेचाळिसावा विजय हवा होता, तो तिथे हुकला आणि पुढच्या वर्षी तियानजिनमध्ये चीनविरुद्ध मिळाला. तो जागतिक विक्रम.

आता आमच्या भागात रॅकेटी आहेत. स्प्रिंग मिलच्या जागेवर टॉवर उभे आहेत. आसपासच्या एका टॉवरच्या माहितीपत्रकात तर टेनिस कोर्ट पहिल्याच पानावर आहे, जलतरण तलावाच्या शेजारी. माझा नातू दादरला कोचिंगला जातो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत दोन रॅकेटी असतात, आणि एकीची तार तुटली तर दुसरीने खेळायचं, हे तो इतक्या सहज सांगतो की मार्करकाकांना मी ते ऐकवू शकलो असतो तर बरं झालं असतं. खेळ आमच्यापर्यंत पोचला, यात मला आनंदच आहे. पोचला नाही तो संघ. तेव्हा आमच्याकडे संघ होता आणि रॅकेट नव्हती. आता नेमकं उलटं झालंय.

यात नातवाचा दोष नाही. डेव्हिस कपाचीच मोडतोड झाली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ऑर्लँडोच्या सभेत आंतरराष्ट्रीय महासंघाने रचना बदलली. फुटबॉलपटू जेरार्ड पिकेच्या कंपनीशी २५ वर्षांचा, तीन अब्ज डॉलरचा करार केला. तो २०२३ च्या जानेवारीतच मोडला, पण बदल राहिले. पाच सेटांचे तीन झाले, तीन दिवसांचे दोन. शेवटचे आठ संघ एकाच शहरात जमतात, ते शहर बहुतेकांचं परकं. यजमान देशाने आपली हिरवळ नाहीतर आपली माती निवडायची आणि पाहुण्याला रडवायचं, ही या कपाची अर्धी गंमत, ती अंतिम टप्प्यातून गेली. २०२५ मध्ये यानिक सिनरने आधीच नकार कळवला. त्याच्याविना इटलीने बोलोन्यात सलग तिसऱ्यांदा कप जिंकला. मोठे खेळाडू थकतात, त्यांचं वेळापत्रक भरलेलं असतं, हे मला पटतं. तरी १९७४ ला ‘नाही’ म्हणण्याचं कारण आणि आताचं कारण शेजारी ठेवून बघायचा मोह आवरत नाही.

त्याच २०२५ च्या सप्टेंबरात भारताने स्वित्झर्लंडला त्यांच्या घरी, बिएलमध्ये, ३-१ ने हरवलं. १९९३ च्या फ्रेजूसनंतर युरोपात जाऊन युरोपच्या संघाला हरवण्याची ही पहिलीच वेळ. दक्षिणेश्वर सुरेश आणि सुमित नागल यांची कामगिरी. मी उत्साहाने नातवाला सांगितलं. त्याला सिनर आणि अल्काराझचे बॅकहँड पाठ आहेत, दक्षिणेश्वर कोण हे ठाऊक नव्हतं. त्याने विचारलं, “आजोबा, याचे रँकिंग पॉइंट मिळतात का?” आधी काही वर्षं मिळायचे, आता नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, “मग ते एवढं लांब जाऊन खेळतात कशाला?”

मी त्याला १९७४ सांगायला सुरुवात केली. पाच-सात वाक्यं त्याने नीट ऐकली, नळाचं सांगितल्यावर एक प्रश्नही विचारला. पण रविवारी त्याची चौदा वर्षांखालची मॅच होती, लवकर झोपायचं होतं. रविवारी मीही बाटली आणि टोपी घेऊन त्याच्याबरोबर कोर्टावर गेलो.